दिवसाला दोन जोड, हा हिशेब कुणाचा?

नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडच्या कुटुंबांचा एक लाडका बेत ठरतो. दोन-तीन रात्री महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेडमार्गे दापोली, आणि उरलेले दिवस कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. थंडी, घाट आणि समुद्र एकाच आठवड्यात. बरोबर दोन-चार वर्षांचं मूल असलं की आदल्या रात्री पलंगावर कपड्यांचा ढीग लागतो आणि येता-जाता प्रत्येकजण त्यात भर टाकतो. आजीला स्वेटर कमी वाटतात, आईला फ्रॉक, आणि बाबांना गाडीची डिकी. आठवडाभरानं परत आल्यावर त्यातले निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता कपाटात जातात. तरी वाटेत नेमकं काहीतरी कमी पडलेलं असतंच, कारण ढीग चुकीच्या हिशेबानं लागलेला असतो.

“दिवसाला दोन जोड, वर दोन जास्तीचे”

सात दिवसांचे सोळा जोड. गणित सोपं आहे, पण त्यात शर्ट आणि पँट सारख्याच वेगानं मळतात असं धरलेलं आहे. तसं होत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या शर्टावर वरण सांडलं तर ओल्या रुमालानं पुसून वेळ मारून नेता येते. चड्डी-पँट ओली झाली की मात्र तिथल्या तिथे बदलावीच लागते. शू सांगायला उशीर होतो, मूल ओल्या वाळूत फतकल मारून बसतं, पाण्यात जायचं नाही असं बजावलेलं असताना लाट पायाशी येते. नुकताच डायपर सुटलेल्या मुलांची सवय प्रवासात हमखास बिघडते. नवी जागा, नवा संडास, बदललेल्या वेळा. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण पँटी लागतात.

म्हणून जोड मोजूच नयेत. वरचे कपडे पाच पुरतात. खालचे सात-आठ घ्यावेत, चड्ड्या दहा-बारा. रात्रीचे दोन सुती पायजमे. वरचे सगळे खालच्या सगळ्यांवर चालतील असे रंग निवडले की ‘याच्यावरचं ते कुठे गेलं’ हा शोध संपतो. दर दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत बांधून ठेवण्याची पद्धत हल्ली फार दिसते. दिसायला ती नेटकी आहे, पण दुसऱ्याच दिवशी तीन पिशव्यांतल्या पँटी संपतात आणि शर्ट तसेच राहतात. सगळ्या पँटी एका पिशवीत आणि सगळे शर्ट दुसऱ्या पिशवीत, ही जुनी रीत त्यापेक्षा कामाची.

“बाहेरगावी धुतलेलं वाळत नाही”

वाळत नाही ते जीन्स आणि जाड हूडी. पातळ होजिअरीची बंडी, सुती चड्डी, पॉलिएस्टरची हाफ पँट रात्रीतून वाळते, फक्त पाणी आधी नीट काढायला हवं. नुसतं हातानं पिळून बाथरूममध्ये टांगलं तर सकाळी कपडा ओलाच मिळणार, कारण बंद बाथरूमची हवा आधीच दमट असते. पिळलेला कपडा कोरड्या पंचावर पसरायचा, पंचासकट घट्ट गुंडाळी करायची आणि गुंडाळीवर पाय देऊन दाबायची. हातानं कधी निघालं नसतं इतकं पाणी पंचा ओढून घेतो. मग पंख्याखाली, हँगरवर, बाह्या एकमेकींना चिकटणार नाहीत असा टांगायचा. वाळण्यासाठी उष्णतेइतकंच हवेचं वाहणंही लागतं. गॅलरीत रात्रभर ठेवलेले कपडे मात्र डिसेंबरात दवानं भिजतात. तिन्हीसांजेला ते आत घेतलेले बरे.

समुद्रात भिजलेल्या कपड्यांची गोष्ट वेगळी. खाऱ्या पाण्यातून काढून नुसते वाळत घातले तर ते दुपारी कोरडे वाटतात आणि रात्री पुन्हा ओलसर लागतात. समुद्राच्या मिठातले क्षार हवेतली ओल खेचतात. शिवाय मीठ आणि बारीक वाळू शिवणीत अडकली की मांड्यांना घासून पोर रडकुंडीला येतं. साध्या पाण्यात दोनदा बुचकळून काढणं एवढाच त्यावर उपाय.

“महाबळेश्वरला थंडी, कोकणात उकाडा”

अर्धवट खरं. उंची दर हजार मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे, म्हणजे किनाऱ्याच्या मानानं आठ-नऊ अंशांचा फरक. त्यातही वेण्णा तलावाजवळची पहाट गावातल्या पहाटेपेक्षा गार असते, कारण रात्री थंड, जड हवा उतरून खोलगट जागी साचते. पानांवरचं दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात त्या तिथल्याच.

दुसरं अर्ध मात्र फसवं. दापोली किनाऱ्यावर नाही. समुद्रापासून काही किलोमीटर आत, पठारावर आहे. उगाच कुणी तिला मिनी महाबळेश्वर म्हणत नाही. तिथली डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगली बोचरी असते. आणि कर्द्याला सकाळी डॉल्फिन पाहायला होडीत बसलात, तर वाऱ्यानं मोठी माणसंही आखडतात. ‘आता कोकणात आलो’ म्हणून स्वेटर तळाशी गेलेला असतो तो नेमका याच वेळी.

तरी त्यासाठी तीन स्वेटर नकोत. एक जाडजूड जॅकेट असण्यापेक्षा पातळ थर बरे, कारण ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. अंगाशी बंडी, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि वारा अडवणारं पातळ जाकीट. पॉइंटवर धावत सुटलेल्या मुलाचा एक थर काढता येतो. जाड जॅकेटात ते घामाघूम होतं, सुती बंडी भिजते, आणि ऊन उतरल्यावर तीच ओली बंडी त्याला गार करते. ओली लोकर बरीच ऊब धरून ठेवते, ओलं सुती कापड धरत नाही. गाडीत मुलाची वेगळी सीट असेल तर पट्टे आवळण्याआधी फुगीर जॅकेट काढावंच. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो.

“कानटोपी घातली की सर्दी होत नाही”

ही आपल्याकडची सर्वात चिवट समजूत. सर्दी विषाणूंमुळे होते. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. सुट्टीत मूल शिंकायला लागतं ते बहुतेक वेळा गर्दीमुळे, दहा जणांनी हात लावलेल्या कठड्यामुळे आणि तोच हात नाकाला लावल्यामुळे. टोपी ऊब देते, विषाणू अडवत नाही.

पण टोपी निरुपयोगी आहे असंही नाही, आणि इथे वय महत्त्वाचं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा जवळपास पाचवा भाग असतं, मोठ्या माणसाचं दहावा किंवा त्याहून कमी. तान्ही बाळं नीट कुडकुडूही शकत नाहीत. त्यामुळे बाहेर गारठ्यात त्यांना टोपी हवीच. खोलीत झोपवताना मात्र ती काढावी. बाळ जास्तीची उष्णता डोक्यातून आणि चेहऱ्यातूनच बाहेर टाकतं, आणि टोपी सरकून नाकावर आली तर ते तिला बाजूला करू शकत नाही. वर्षाच्या आतल्या बाळावर हॉटेलची जाड रजई घालणंही याच कारणानं टाळावं. त्यापेक्षा अंगात एक थर जास्त आणि पायात मोजे. मोठी मुलं तर रजई पहाटेपर्यंत लाथाडतातच, त्यांनाही हेच लागू.

बाळ गारठलंय की नाही हे हातापायांवरून ठरवू नये, ते एरवीही गार लागतात. मानेमागे किंवा छातीला हात लावून पाहावा. तिथे घाम लागला तर एक थर उतरवा, आजी काहीही म्हणोत.

“जास्तीचा जोड डिकीत आहे ना!”

प्रतापगडाच्या बाजूनं जाणारा आंबेनळी घाट म्हणजे वळणांमागून वळणं. गाडी लागण्याचं प्रमाण दोन ते बारा वर्षांच्या मुलांत सर्वात जास्त असतं. दोन वर्षांच्या आतल्यांना सहसा लागत नाही. सकाळी स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन निघालेल्या चार वर्षांच्या मुलानं तिसऱ्या वळणावर ओकारी केली, की चौदा जोड डिकीत असून उपयोग शून्य. अरुंद रस्त्यावर गाडी थांबवून, चार बॅगा उतरवून पँट शोधायला कुणी सांगितलंय? एक पूर्ण जोड, एक पंचा, ओले रुमाल आणि तोंड बांधता येईल अशी पिशवी पुढच्या सीटखाली असावी. आणि ज्याच्या मांडीवर मूल बसतं त्याचाही एक शर्ट. मुलाला बदलून झाल्यावर आई पुढचे तीन तास त्याच कुर्त्यात बसते, कारण तिचे कपडे हाताशी काढून ठेवायचं कुणाला सुचलेलंच नसतं.

“पांढरा सुती शर्ट उन्हाला उत्तम”

गारव्याला उत्तम. अतिनील किरणांना नाही. कापड किती किरणं अडवतं हे मोजायचं ‘यूपीएफ’ नावाचं माप आहे; ऑस्ट्रेलियात १९९६ साली त्याचं मानक आलं. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत जातो. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा सातच्या आसपास असतो आणि भिजला की तीनवर येतो. म्हणजे लाटांत खेळताना मुलाच्या अंगाला चिकटलेला तो शर्ट किरणांचा जवळजवळ तिसरा भाग आत सोडतो. डिसेंबरात ऊन कोवळं वाटतं, पण दुपारी हर्णैच्या वाळूवर ते कोवळं नसतं. गडद रंगाचा, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्यावा. तो लवकर वाळतो हा वरचा फायदा. पाण्यात जाण्याच्या कपड्यांचा रंग निळा-करडा मात्र नसावा, लाटेत मूल चटकन दिसत नाही. भडक नारिंगी, पोपटी चांगला.

पाण्यात साधा डायपर घालणं हा आणखी एक घोटाळा. त्यातली पावडर शूसाठी आहे तशीच समुद्रासाठीही. ती फुगते आणि बाळाला किलोभराचं गाठोडं लटकतं. पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात, पण ते शी रोखतात, शू नाही. हे माहीत असलं की गाडीत बसताना सीट ओली होत नाही.

“डाग गरम पाण्यानं निघतो, नाहीतर ब्लीच आहेच”

या सहलीचे दोन हक्काचे डाग म्हणजे स्ट्रॉबेरी आणि तांबडी माती. स्ट्रॉबेरीचा डाग ताजा असतानाच गार पाण्याच्या धारेखाली, कापडाच्या उलट्या बाजूनं धरावा. बरोबर क्रीम असेल तर गरम पाणी अजिबात नको, दुधातली प्रथिनं उष्णतेनं धाग्यात पक्की बसतात. मातीचं उलट. ओला चिखल चोळला की आत जातो, म्हणून तो आधी पूर्ण वाळू द्यायचा, झटकायचा, मग साबण. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. क्लोरिनचं ब्लीच त्याला काढत नाही, उलट कधीकधी पक्कं करतं. लिंबू किंवा सायट्रिक आम्ल थोडंफार काम करतं. एवढा खटाटोप नको असेल तर बॅग भरतानाच मळखाऊ रंग निवडा. विटकरी, तपकिरी, गडद हिरवा. फोटोसाठी पांढरा फ्रॉक न्यायचाच असेल तर तो एकदाच, सकाळी, माती लागायच्या आत घालावा. सहलीसाठी घेतलेले नवे कपडे निदान एकदा धुतलेले असावेत. सुरकुती पडू नये म्हणून कापडावर केलेली प्रक्रिया काही मुलांच्या त्वचेला खाजरी ठरते.

परतीच्या दिवशी सकाळी धुणं काढायचा मोह होतो, ‘घरी गेल्यावर तेवढंच कमी’ म्हणून. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-आठ तास गाडीत उबले की कुबट वास येतो, आणि एखादा दिवस तसेच राहिले की बुरशीचे काळे ठिपके धरतात. ते नंतर सहजासहजी पूर्ण जात नाहीत. त्या दिवशीचं मळलेलं कोरडंच भरावं. आदल्या संध्याकाळचं काही ओलं राहिलंच असेल, तर ते मागच्या सीटच्या पाठीवर पसरून ठेवावं. गाडीचा थाट जातो, पण खोपोलीपर्यंत चड्ड्या वाळलेल्या असतात.