डायलिसिस रुग्णांच्या पायांतील बळ : मोजमाप आणि विश्वासार्हता

आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे 4 तास डायलिसिस घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या मांडीचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. खुर्चीतून उठणे अवघड होते, पडण्याचा धोका वाढतो. म्हणून या बळाची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

डायलिसिस चालू असताना फिस्च्युलाचा हात स्थिर ठेवावा लागतो. पाय बहुधा मोकळे असतात. त्यामुळे डायनॅमोमीटर पायाला टेकवून मोजणी करता येते. मात्र शरीरातील पाणी काढले जात असता रक्तदाब उतरू शकतो, थकवा येतो. पहिल्या तासाचा आकडा चौथ्या तासाच्या आकड्याशी ताडून पाहणे योग्य नव्हे.

मांजरीच्या उपबाजारात भाजी तोलण्यापूर्वी काटा शून्यावर आणावा लागतो. येथेही तीच शिस्त हवी. बैठक, उपकरणाची जागा, वेळ आणि मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी. रुग्णाच्या जोरापुढे मोजणाऱ्याचा हात हलल्यास आकडा फसवा येतो. उपकरण पट्ट्याने बांधल्यास हा दोष बराच टळतो.

बळ तेवढेच असतानाही दोन मोजण्यांत थोडा फरक पडतोच. त्याहून अधिक वाढ दिसली, तरच व्यायामाचा लाभ झाला असे मानावे. अल्पशा फरकाने नातेवाइकांनी हुरळून वा खचून जाऊ नये. देणगीदारांना चोख हिशेब देणे जसे आमचे कर्तव्य, तसेच रुग्णाला त्याच्या बळाचा खरा आकडा सांगणे हेही.