गाडी लागणाऱ्यांची आफ्रिकावारी

गेल्या महिन्यात आमचे जुने पेशंट, एक निवृत्त मुख्याध्यापक, सपत्नीक दवाखान्यात आले. मुलाने दोघांना केनियातील मसाई मारा अभयारण्य दाखवायचे ठरवले होते. सर खुशीत होते, वहिनींचा चेहरा मात्र उतरलेला.

"डॉक्टर, पसरणी घाटात मला दोनदा गाडी थांबवून उतरावं लागतं. तिथे दिवस दिवस जीपमध्ये कशी बसू? तब्येत ठीक नाही असं तुम्हीच लिहून द्या ना."

खोटे सर्टिफिकेट द्यायला मी नकार दिला आणि दोघांना बसवून घेतले.

गाडी लागणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे आणि केवळ पित्तही नव्हे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळली, आदळली की तिची खबर कान मेंदूला देतो. डोळे मात्र गाडीच्या आतल्या स्थिर वस्तूंवर असतील, तर ते 'काही हलत नाही' असे सांगतात. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ, घाम आणि उलटी सुरू होते. म्हणूनच नजर दूर क्षितिजावर ठेवली की बरे वाटते.

आता सहलीचे पाहू. नैरोबी ते मसाई मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने हाच प्रवास तासाभरात होतो. दुपारच्या तापलेल्या हवेत ही विमाने फार हलतात, म्हणून सकाळचे विमान घ्यावे. एकाच सहलीत चार-पाच अभयारण्ये उरकण्याऐवजी एकाच ठिकाणी तीन रात्री राहावे. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा असतो. तेव्हा चिखलात गाडी फार हेलकावते.

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा आधीच मागून घ्यावी. मागच्या चाकावरची जागा सर्वांत वाईट. दुर्बीण आणि कॅमेरा गाडी थांबल्यावरच डोळ्याला लावावा. चालत्या गाडीत दुर्बिणीतून सिंह शोधणे म्हणजे उलटीला आमंत्रण. पोट उपाशी नको आणि तुडुंबही नको. आल्याच्या वड्या जवळ ठेवायला हरकत नाही.

प्रोमेथॅझिन, मेक्लिझिन, सिनॅरिझिन अशा गोळ्या उपयोगी पडतात, पण त्या निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्याव्या लागतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच पडते. या गोळ्यांनी झोप येते, तोंडाला कोरड पडते. म्हणून पहिली गोळी परदेशात नव्हे, घरी घेऊन पाहावी.

हे ऐकून सर म्हणाले, "मग मीही एक घेतो, सोबत म्हणून." मी त्यांना थांबवले. सरांना प्रोस्टेटचा त्रास आहे. फार वर्षांपूर्वी अष्टविनायकाला निघालेल्या एका आजोबांना मी अशीच गोळी दिली होती. लघवीचा त्रास आहे का, हे विचारायचे राहून गेले. त्या रात्री त्यांची लघवी तुंबली आणि यात्रा सोडून इस्पितळ गाठावे लागले. चूक माझी होती. तेव्हापासून प्रोस्टेट आणि काचबिंदू या दोन गोष्टी विचारल्याशिवाय मी ही गोळी लिहीत नाही. शेजाऱ्याने दिलेली गोळीही म्हणूनच घेऊ नये.

केनियात हिवताप आहे, त्यामुळे प्रतिबंधक गोळ्या लागतात. त्यांतील मेफ्लोक्विनने स्वतःच चक्कर येऊ शकते. गाडी लागत असेल तर डॉक्टरांना तसे सांगून दुसरी गोळी मागावी आणि ती जेवणाबरोबर घ्यावी. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी लागते. हे विसरले तर संरक्षण उरत नाही. परतल्यावर ताप आणि उलट्या झाल्या, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे आणि आफ्रिकेहून आल्याचे डॉक्टरांना सांगावे.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. दाखला नसेल तर परतताना विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. साठीच्या पुढच्यांनी मात्र लसीआधी डॉक्टरांशी नीट बोलावे.

आणखी एक गोष्ट. गाडी लागणारी माणसे पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवतात. केनियात 2017 पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, टांझानियातही 2019 पासून आहे. जाड कागदी पिशव्या न्याव्यात.

वहिनींना काचबिंदू नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पक्के करून घेतले. मग मी त्यांना 'परीक्षा' दिली: गोळी घ्या, पुढे बसा आणि पाचगणीला जाऊन या. गेल्या रविवारी त्या पसरणी घाट न थांबता चढल्या. सोमवारी दवाखान्यात येऊन विचारू लागल्या, "डॉक्टर, लसीसाठी कधी जायचं?"