कारखाना हलतो, कामगाराने काय करायचे?

"खर्च परवडत नाही. कारखाना दुसरीकडे न्यायचा विचार चालू आहे." अशी कुजबूज गेटवर सुरू झाली की पहिला धक्का घरच्या चुलीला बसतो. मुलीच्या कॉलेजची फी, घराच्या कर्जाचा हप्ता, गावाकडे म्हाताऱ्या आईवडिलांना धाडायचे पैसे, सगळेच डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणून हा विषय फक्त पुरुषांनी चहाच्या टपरीवर बोलण्याचा नाही. तो घरातल्या बाईलाही समजला पाहिजे.

आकुर्डीचा धडा

पुण्याजवळ आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. त्याच्या आधारावर पिंपरी-चिंचवड परिसरात कितीतरी संसार उभे राहिले. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या माणसाला कायम नोकरी मिळाली की पुढच्या पिढीचे शिक्षण होत असे.

सप्टेंबर २००७ मध्ये या कारखान्यातील उत्पादन थांबले. तेव्हा तेथे सुमारे २,७०० कामगार होते. जकात आणि इतर करांमुळे येथे गाडी बनवणे महाग पडते, असे कारण कंपनीने दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तराखंडातील पंतनगर येथे कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला होता. उत्तराखंडात येणाऱ्या उद्योगांना केंद्र सरकारने २००३ साली मोठी सवलत जाहीर केली होती. त्यात दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ आणि पहिली पाच वर्षे प्राप्तिकर माफ होता.

हिशेब समजून घेऊ. मोटारसायकलचे बहुतेक सुटे भाग बाहेरच्या लहान कारखान्यांत बनतात. शहराच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात लागत असे. शिवाय जुन्या कारखान्यात वय झालेला, वर्षानुवर्षे वाढलेल्या पगाराचा कायम कामगार असतो. नव्या जागी तरुण, कमी पगाराचे आणि बरेचसे कंत्राटी हात मिळतात. कराची सवलत आणि स्वस्त मजुरी एकत्र आली की मालकाचा कल कुठे झुकतो, हे सांगायला नको.

आकुर्डीत कारखाना बंद केलेला नाही, फक्त उत्पादन थांबवले आहे, अशी कंपनीची भूमिका होती. हाताला काम नाही आणि पगार मात्र चालू, असे दिवस कामगारांनी काढले. २००८ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आली.

पुढे काय झाले? पिंपरी-चिंचवडची जकात २०१३ साली गेली. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला आणि करांची जुनी रचनाच बदलली. जून २०२२ मध्ये आकुर्डीच्याच जागेवर विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. पण २००७ साली पंचेचाळिशीत असलेला कामगार तोवर साठीला टेकला होता. जागा तीच, नाव तेच, पण यंत्रे नवी आणि माणसेही नवी.

नुसत्या शक्यतेची किंमत

कधी कधी कारखाना हलतही नाही. हलवण्याची नुसती शक्यताच आपले काम करून जाते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क येथे हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचा कारखाना आहे. २००९ साली मंदीत कंपनीने जाहीर केले की हे काम स्वस्त पडेल तेथे नेता येईल का, ते आम्ही पाहत आहोत. केंटकी राज्यातील शेल्बीव्हिल गावाचे नाव पुढे आले. अखेर डिसेंबर २००९ मध्ये यॉर्कच्या कामगारांनी मतदान करून नवा सात वर्षांचा करार स्वीकारला. कारखाना वाचला, पण सुमारे दोन हजारांतल्या निम्म्याहून अधिक कायम नोकऱ्या गेल्या आणि हंगामी कामगारांची सोय करारात शिरली.

नंतर २०१९ मध्ये याच कंपनीने कॅन्सस सिटीचा कारखाना बंद केला आणि तेथले काम यॉर्कला आणले. एका गावचे दुःख दुसऱ्या गावची भाकरी झाली. भारतात हरियाणातील बावल येथे या कंपनीने २०११ साली जुळणीचा कारखाना काढला आणि २०२० साली तो बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्यांच्या गावी कारखाना येतो, त्यांनीही निर्धास्त राहू नये.

आपल्याकडे २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस संप चालला. तेव्हाही येथले उत्पादन औरंगाबादच्या कारखान्याकडे वळवण्याची भाषा झाली. दोन्हीकडे मराठी कामगारच होता, पण एकाच्या संपाला दुसऱ्याचे हात दाखवले गेले.

बदली स्वीकारण्यापूर्वी

परराज्यात बदली मिळाली तर फक्त पगार पाहू नका. मुलांच्या भवितव्याचाही विचार करा. नोकरीसाठी आंध्रातून मुंबईत आलेल्या एका पित्याच्या मुलाला वैद्यकीय प्रवेश हवा होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली असा निर्णय दिला की एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागांसाठी चालत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तो चालतो. पण ज्या मुलाची शाळा-कॉलेज परराज्यात होणार, त्याला तेथे राज्याच्या राखीव जागेचा आधार मिळेलच असे धरून चालू नका. कपडे-भांडी बांधण्यापूर्वी ही चौकशी झालीच पाहिजे.

कायदा काय सांगतो?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा तर मालकाने नव्वद दिवस आधी सरकारकडे परवानगी मागावी, अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली आणि ही मर्यादा तीनशेवर गेली. त्यामुळे लहान कारखान्यातील कामगारांचे हे संरक्षण गेले. आपण कायम आहोत की कंत्राटदाराच्या नावावर, हे कागदावर तपासण्याची गरज त्याने आणखी वाढली आहे.

म्हणून आजच काही गोष्टी करा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फंडाचा क्रमांक आणि ओळखपत्र एका पिशवीत घालून घरच्या माणसांना दाखवून ठेवा. ग्रॅच्युइटी किती बसते, याचा हिशेब मांडा. साधारण नियम असा की सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर एकट्याने, घाईत सही करू नका. आधी संघटनेला आणि जाणकार वकिलाला दाखवा. हाती आलेली एकरकमी रक्कम लग्नाच्या मांडवात आणि हप्त्याच्या गाडीत विरघळू देऊ नका. मुलांचे शिक्षण आणि डोक्यावरचे छप्पर यांना पहिला मान द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या गावच्या कामगाराला वैरी समजू नका. चाकणच्या माणसाला वाळूजची आणि वाळूजच्याला पंतनगरची खबर असेल, तर एकाच्या भाकरीचा धाक दुसऱ्याला दाखवणे सोपे राहणार नाही. कारखान्याला चाके लावता येतात. संघटनेनेही त्याच्यामागून चालायला शिकले पाहिजे.