विमानाला जागा कोणती?

विमान धावपट्टीवर उतरले म्हणजे प्रवास संपला, असे आपणांस वाटते. परंतु विमानतळावरील नियोजकांपुढे एक प्रश्न उभाच असतो : हे विमान कोणत्या गेटापाशी उभे करावयाचे? प्रवासी उतरतात, सामान निघते, इंधन भरले जाते आणि विमान पुन्हा निघते, तोवर ती जागा अडलेली राहते. तेवढ्यात त्याच गेटासाठी दुसरे विमान आले, तर त्यातील प्रवाशांना बसल्या जागी ताटकळावे लागते.

शिवाय, कोणतेही विमान कोठेही मावत नाही. एअरबस ए-३८० या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ८० मीटर, तर ए-३२० चा सुमारे ३६ मीटर असतो.

मग जो प्रथम येईल त्याला सर्वांत सोयीची जागा द्यावी, असे तुम्ही म्हणाल. एक उदाहरण पाहू. ‘अ’ व ‘ब’ अशी दोन गेटे आहेत. पहिल्या विमानातील प्रवाशांना ‘अ’ पासून २ मिनिटे व ‘ब’ पासून ३ मिनिटे चालावे लागते. दुसऱ्यातील प्रवाशांना अनुक्रमे ३ व ९ मिनिटे. पहिल्याला ‘अ’ दिले, तर बेरीज ११ होते. पहिल्याने एका मिनिटाची तोशीस सोसून ‘ब’ घेतले, तर ती ६ वर येते!

दोन विमानांचा हिशेब तोंडी होतो. परंतु १० विमाने १० गेटांवर ३६,२८,८०० प्रकारे उभी करता येतात. दर सेकंदाला एक प्रकार तपासला, तरी रात्रंदिवस बसून ४२ दिवस लागतील! म्हणून गणितज्ञांनी युक्ती शोधली. हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ मध्ये अशा वाटणीची सुलभ रीत प्रसिद्ध केली. तिला आधारभूत ठरलेले कोनिग व एगेर्वारी हे गणितज्ञ हंगेरीचे. म्हणून त्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव दिले.

प्रत्यक्षात वेळेचा गुंता असल्याने हे काम याहून अवघड असते व त्यासाठी संगणकाचे साहाय्य घेतात. तेथेही दोन विमानांमध्ये थोडा वेळ मुद्दाम मोकळा ठेवतात. कारण एकाला झालेला उशीर पुढच्या सर्वांना भोवू शकतो. प्रत्येकाने आपल्यापुरते उत्तम तेवढे घेतले, म्हणजे सर्वांचे उत्तम होतेच असे नाही, हेच हे गणित आपणांस शिकविते.