चांद्रदिनाची खतावणी

कळंबोलीच्या बाजूने द्रुतगती मार्गाकडे धावणाऱ्या अवजड वाहनांचा अखंड घोष ज्या वसाहतीवरून जातो, त्या नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय असावे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कारण विजेच्या आगगाड्या, लोखंड आणि यंत्रे यांच्या सान्निध्यात चुंबकसूचीचा निभाव लागत नाही. म्हणूनच सूची येथे नाही. ती अलिबागला आहे; येथे आहे ते तिचे दप्तर.

या दप्तराचे मूळ मुंबईत. तेथील कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तिच्यातील चुंबकीय वेधांचा आरंभ १८४१ चा. पुढे मुंबईची ट्राम विजेवर चालणार असे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणचे वेध समांतर चालू ठेवले, जेणेकरून नवी मालिका जुनीला सांधता यावी. बिऱ्हाड हलवताना निम्मे दप्तर गहाळ करण्याची आपल्या कचेऱ्यांची परंपरा पाहता हे व्यवस्थापन कोणत्याही शोधाइतकेच मोलाचे मानावे लागेल.

चंद्राचा या दप्तराशी संबंध असा. समुद्राप्रमाणे वातावरणालाही चंद्राच्या आकर्षणाने भरती येते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरची विद्युद्वाहक हवा त्या भरतीने पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून हलली की तेथे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याची छाया खाली सूचीवर पडते. प्रागच्या क्राइल यांनी १८५० मध्ये ती प्रथम दाखविली. आपल्याकडे त्रिवेंद्रमला ब्राउन यांनी व कुलाब्याला चार्ल्स चेंबर्स यांनी तिचा पाठपुरावा केला. परंतु ती किती क्षीण! अलिबागचे क्षैतिज क्षेत्र सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला. त्यात सूर्यामुळे दिवसाकाठी होणारा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा, आणि चंद्राचा वाटा एकदोन नॅनोटेस्लांचा.

तो वेगळा काढण्याचे काम म्हणजे शुद्ध कारकुनी, आणि हा शब्द मी आदराने योजतो. वेधशाळेची रोजकीर्द सूर्याच्या तासांनी लिहिलेली असते, तर चांद्रदिन सुमारे २४ तास ५० मिनिटांचा. तेव्हा आंतरराष्ट्रीय संमतीने दर महिन्याचे जे पाच अतिक्षुब्ध दिवस ठरतात ते वगळून, उरलेल्या प्रत्येक तासाची रक्कम चंद्राच्या वयानुसार नव्या खतावणीत मांडावी लागते, आणि अशी वर्षानुवर्षांची खाती एकत्र केली म्हणजे सूर्याचा भाग विखरून परस्परांत विरतो व चंद्राचा तेवढा शिल्लक राहतो. चॅपमन आणि मिलर यांनी १९४० मध्ये या मांडणीला पद्धतशीर रूप दिले. आज तेच काम संगणक क्षणार्धात करतो. मात्र एखाद्या वेधशाळेत उपकरण बदलले आणि आधाररेषा चार नॅनोटेस्लांनी सरकली, तर तो बदल चंद्राहून मोठा ठरतो, आणि तो कोणत्या दिवशी, कशामुळे झाला हे तेथील माणसालाच विचारावे लागते. सहकार्याने चालणाऱ्या संशोधनाचा बराच काळ अशा विचारपूशीत जातो.

अलिबागचा तर आणखी एक तंटा आहे. खारे पाणीही विद्युद्वाहक. त्यामुळे ओहोटीला ज्या समुद्रातून लोक पायी अलिबागच्याच कुलाबा किल्ल्यात जातात, तो समुद्रही भरतीला सूचीवर आपला हक्क सांगतो. मॅलिन यांनी १९७० मध्ये यावर तोड काढली: मध्यरात्री वरच्या थरातील प्रवाह जवळजवळ मावळतात, म्हणून त्या प्रहरी जो चांद्रअंश उरेल तो समुद्राच्या नावे लिहावा. तिरुनेलवेलीची स्थिती निराळी. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या या ठाण्यावर, उत्तर ध्रुवावरील उंच हवा हिवाळ्यात अकस्मात तापली की, चंद्राचा अंश ठळकपणे वाढतो. त्यामुळे ध्रुवीय हवेच्या अभ्यासकालाही दक्षिणेतील त्या नोंदीची गरज पडते. देशभरच्या ठाण्यांचे आकडे जमवून ते जगाला पुरविणारे जागतिक विदाकेंद्र नवीन पनवेलची हीच संस्था चालविते.

राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने येथे शाळकरी मुले येतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून त्यांच्या मनातला चंद्र म्हणजे विक्रम आणि प्रज्ञान. आकड्यांच्या रकान्यांतला चंद्र त्यांना नीरस वाटल्यास नवल नाही. पनवेलमधील माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनी यावर केलेला उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ते प्रारंभ करतात तो कोळ्यांच्या पाऊणपटीने: तिथीला पाऊणाने गुणावे म्हणजे भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा. उरण-करंजाकडची मुले हे उत्तर गुणाकाराआधीच सांगतात. मग तिथीमागची ही पाऊण तासाची पिछाडी आणि चांद्रदिनाची पन्नास मिनिटे यांचे नाते त्यांना फारसे समजावावे लागत नाही. त्यानंतर गुरुजी एका महिन्याचे तासवार आकडे वाटून त्यांतून चंद्र शोधावयास सांगतात. तो सापडत नाही. मुले बेरजा पुनःपुन्हा तपासतात, एकमेकांवर चुकीचा आरोप ठेवतात, आणि अखेर कोणीतरी उरलेल्या अकरा महिन्यांचे कागद मागते. तेव्हा गुरुजी विचारतात, ‘एकाच वर्षाचे पुरतील?’