भायलो कोण, हे यंत्र कसं ठरवतं?

पत्रादेवीच्या नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहा. नंबरपाटी वाचूनच आपण मनात म्हणतो, ही आमची, ती भायली. जीए-११ म्हणजे पेडण्याची, जीए-०४ म्हणजे डिचोलीची आणि एमएच-०७ म्हणजे पलीकडच्या सिंधुदुर्गातली. आत कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, तरी पाटीचा सुरुवातीचा भाग वाचून निर्णय होऊन जातो. संगणकांच्या जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या प्रणालीसुद्धा साधारण असंच करतात.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. म्हणून एक घटना सांगते. जुलै २०२१ मध्ये पेडणे, डिचोली आणि सत्तरीत पुराचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. १९८२ नंतरचा हा सगळ्यात वाईट पूर, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. २१ जून २०२२ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जलस्रोत खात्याच्या पणजीतल्या पूर-निरीक्षण सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातल्या मोठ्या नद्यांवरच्या १५ केंद्रांची माहिती तिथे जमा व्हायची. फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता, अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनाट होती, असं बातम्यांत आलं होतं. नदीकाठच्या माणसासाठी ही गोष्ट फक्त संगणकवाल्यांची राहत नाही. पाणी किती चढलं हे त्याला कळणार की नाही, इतका साधा प्रश्न आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता असतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.५७. यंत्राच्या दृष्टीने हे शून्य आणि एक यांचे ३२ ठोकळे. त्यातले सुरुवातीचे काही ठोकळे ‘वाडा’ सांगतात आणि उरलेले ‘घर क्रमांक’. वाडा किती ठोकळ्यांचा, हे तिरप्या रेघेपुढे लिहितात. १९२.१६८.१०.०/२४ याचा अर्थ पहिले २४ ठोकळे वाड्याचे, म्हणजे त्या वाड्यात २५६ पत्ते मावतात. पहारेकरी प्रणाली समोरच्या पत्त्याचे पहिले २४ ठोकळे ताडून पाहते. जुळले तर स्थानिक, नाही जुळले तर दूरचा. १९२.१६८.१०.५७ आतला ठरेल आणि १९२.१६८.११.५७ बाहेरचा. पण यादीत /२४ च्या जागी १९२.१६८.०.०/१६ लिहिलं, तर दोन्ही आतले! एका आकड्याने वाडा केवढा मोठा झाला, पाहा.

ही यादी यंत्राला आपोआप समजत नाही, माणूस लिहून देतो. वर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘ब्रो’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. २०१८ मध्ये तिचं नाव ‘झीक’ झालं. झीकमध्ये या यादीला ‘लोकल नेट्स’ म्हणतात. ‘स्नॉर्ट’ आणि ‘सुरिकाटा’ या प्रणालींत तिला ‘होम नेट’ हे नाव आहे. झीक प्रत्येक संवादाच्या नोंदीत दोन गोष्टी टिपते: बोलणं सुरू करणारा स्थानिक होता का? ज्याच्याशी बोलला तो स्थानिक होता का?

या दोन उत्तरांवरून चार दिशा तयार होतात. आतून बाहेर, हे आपलं रोजचं ब्राउझिंग. बाहेरून आत, म्हणजे कुणीतरी दार ठोठावतंय. आतून आत, म्हणजे घरातल्या घरात. आणि बाहेरून बाहेर. हे शेवटचं आपल्या जाळ्यावर दिसलं तर बहुतेक वेळा यादीच अपुरी असते. रात्री दोन वाजता परका पत्ता सर्व्हरला शेकडो वेळा पासवर्ड विचारतोय, किंवा एरवी गप्प असलेला सर्व्हर ढीगभर माहिती बाहेर पाठवतोय, हे ओळखायला आधी आत-बाहेर कळायला हवं. यादी चुकली तर घंटा वाजतच नाही, किंवा इतकी वाजते की लोक ती ऐकायचंच सोडून देतात.

यादीत काय घालायचं? फेब्रुवारी १९९६ च्या एका मानकाने तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. सुरुवात यांच्यापासून करतात. पण तेवढ्यावर भागत नाही. संस्थेने इंटरनेट पुरवठादाराकडून घेतलेले सार्वजनिक पत्तेही आपलेच असतात आणि तेच नेमके विसरले जातात. आयपीव्ही६ मध्ये तर साध्या मोबाइललाही सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे फक्त खासगी पट्टे लिहून बसलात, तर आपलीच यंत्रं परकी दिसतील.

इथे एक गंमत लक्षात घ्या. ‘स्थानिक’ आणि ‘जवळचा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. समजा डिचोलीच्या नदीवर पाणी मोजणारं एखादं यंत्र सिमकार्डवरून पणजीला आकडे पाठवतंय. ते आपलं, गोव्यातलं, पण पत्ता मोबाइल कंपनीचा. म्हणून प्रणाली त्याला भायलो म्हणणार. उलट, परदेशात बसलेला कर्मचारी व्हीपीएनने जोडला गेला तर त्याला आतला पत्ता मिळतो आणि तो घरचा ठरतो. नकाशावरचे किलोमीटर इथे कोण मोजत नाही.

सीमा या माणसांनीच आखलेल्या असतात, हे पेडणेकरांना वेगळं सांगायला नको. १७८८ मध्ये पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं आणि नव्या काबिजादीत मोजलं जाऊ लागलं. माणसं तीच, शेतं तीच, फक्त यादी बदलली. जाळ्यावरही नवी इमारत जोडली, नवा पट्टा घेतला की यादी पुन्हा लिहावी लागते.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आतला म्हणजे चांगला आणि बाहेरचा म्हणजे वाईट, असं ही प्रणाली म्हणत नाही. ती फक्त दिशा सांगते. पाकिटावर आतला पत्ता खोटा लिहून बाहेरून पाठवता येतो. म्हणून असं पाकीट बाहेरच्या तारेवरून आलं तर ते दारातच अडवावं, अशी शिफारस आहे. आणि संसर्ग झालेला पेनड्राइव्ह आपलाच मित्र प्रयोगशाळेतल्या संगणकाला लावतो, तेव्हा हल्ला स्थानिक पत्त्यावरूनच सुरू होतो. रॅन्समवेअर एकदा आत आलं की ते पुढे पसरतं ते घरातल्या घरातच. म्हणून चांगला पहारेकरी आतल्या-आतल्या बोलण्याकडेही कान देतो.

तुमच्यापैकी कुणी उद्या पंचायतीत, बँकेत किंवा इस्पितळात संगणक विभाग सांभाळायला लागाल. पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारा: आपल्या जाळ्याची ‘आतल्यांची’ यादी कुठे आहे आणि ती शेवटची कधी तपासली? उत्तर द्यायला कुणीच पुढे आलं नाही, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं म्हणून समजा.