मोटारगाडीच्या निलंबनातील फेरबदल व स्थैर्य नियंत्रण

मोटारगाडीचा सांगाडा व चाके यांना जोडणारे, रस्त्याचे धक्के शोषणारे आणि प्रत्येक चाक रस्त्याला टेकलेले ठेवणारे जे तंत्र त्यास निलंबन म्हणतात. व्यवहारात ते सस्पेन्शन या नावाने परिचित आहे. गुंडाळी स्प्रिंगा किंवा कमानपाटे, आघातशोषक, चाकांना धरून ठेवणारे दांडे आणि वळणावर गाडी फार कलू न देणारी आडवी पिळदांडी हे त्याचे मुख्य घटक होत. स्प्रिंगा बदलून गाडी उंच किंवा बुटकी करण्याची प्रथा जुनी आहे. परंतु इलेक्ट्रॉनीय स्थैर्य नियंत्रण असलेल्या गाड्यांत हा फेरबदल केवळ यांत्रिक राहत नाही आणि भारतीय कायद्यानेही त्यास फार थोडा वाव ठेवला आहे.

गाडी उंच करण्याची इच्छा महाराष्ट्रात पुष्कळदा पावसाळ्यातून उपजते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात उल्हास नदी व तिचे ओढे-नाले जुलैमध्ये रस्त्यांवर येतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा भागातील वाहनधारकास गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे अधिक वर असावे असे वाटणे स्वाभाविक होय. तथापि लांब स्प्रिंगांनी काय साधते, हे नीट पाहिले पाहिजे. नासिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र थारसारख्या गाडीचा मागील आस अखंड असतो. स्प्रिंगा लांब केल्या तरी त्या आसावरील दंतचक्रांची पेटी, म्हणजे गाडीचा बहुधा सर्वांत खालचा भाग, आहे तेथेच राहतो. तो मोठ्या टायरनेच वर येतो. वाहत्या पाण्याची खोली सुमारे ६० सेंमी. झाली की बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात, मग त्यांच्या स्प्रिंगा कितीही लांब असोत.

स्थैर्य नियंत्रण हे तंत्र १९९५ मध्ये मर्सिडीझ-बेंझ व बॉश या जर्मन कंपन्यांनी प्रथम बाजारात आणले. सुकाणू चक्राचा कोन, प्रत्येक चाकाची गती, गाडीचा पार्श्व प्रवेग आणि उभ्या अक्षाभोवती वळण्याचा तिचा कोनीय वेग हे संवेदकांकडून सतत मोजले जातात. चालकाला गाडी कोठे न्यावयाची आहे आणि ती प्रत्यक्षात कोठे जात आहे, यांची तुलना नियंत्रक एका सेकंदात कित्येक वेळा करतो. मागील चाके घसरून गाडी गरकन फिरू लागली, तर तो बाहेरच्या बाजूच्या पुढील चाकाचा ब्रेक लावतो. पुढची चाके घसरून गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागली, तर आतील बाजूच्या मागच्या चाकाचा. जरूर तेथे एंजिनाचा जोरही तो कमी करतो. चालकाला हे काम एका वेळी एकाच चाकावर करता येणे शक्यच नाही. कारण त्याच्या पायाखाली चारही चाकांचा मिळून एकच ब्रेक असतो.

ही तुलना करण्यासाठी नियंत्रकाच्या स्मृतीत त्या गाडीचे गणिती प्रतिरूप साठविलेले असते : वस्तुमान, आसांमधील अंतर, गुरुत्वमध्याची उंची, टायरचा परिघ, वळणावर टायर कशी पकड देतात ही आकडेवारी. स्प्रिंग बदलणारा कारागीर हे प्रतिरूप बदलत नाही. उदाहरणार्थ, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १,५०० मिमी. आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी. असल्यास, अंतराला उंचीच्या दुपटीने भागून मिळणारा स्थैर्यांक १·०७ येतो. गुरुत्वमध्य ५० मिमी. वर गेला, तर तोच १·०० होतो. म्हणजे ज्या पार्श्व बलाला मूळ गाडी सहज टिकली असती, त्याला ती आता उलटण्याच्या अधिक जवळ येते. नियंत्रकाला मात्र ती जुनीच गाडी वाटते. वळणावर गाडी अधिक कलते आणि सांगाड्यावर बसविलेला पार्श्व प्रवेगाचा संवेदकही तिच्याबरोबर कलतो. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढविल्यास वेगमापक ८० दाखवीत असता गाडी ताशी ८४ किमी. वेगाने धावत असते आणि नियंत्रकही याच चुकीच्या वेगावर हिशेब करतो.

गाडी बुटकी केल्यास गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. पण चाकाला वरखाली होण्यास अंतर कमी उरते व खड्ड्यात निलंबन रबरी थांब्यावर आपटते. वळणावर हे घडले, तर त्या चाकाचा ताठरपणा एकाएकी वाढतो आणि टायर पकड सोडतो. मागील पिळदांडी जाड करण्याचा परिणामही असाच असून त्यामुळे गाडीची मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती वाढते.

निलंबन व नियंत्रण ही किती एकजीव असतात, हे १९९७ मध्ये दिसून आले. एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत, समोर अचानक आलेले जनावर चुकविण्यासाठी द्यावे लागते तसे वळण देताना मर्सिडीझची ए-क्लास ही छोटी मोटार उलटली. कंपनीने वितरण थांबविले, निलंबनात बदल केले आणि त्याच वेळी प्रत्येक गाडीत स्थैर्य नियंत्रण बसविले. दोन्ही एकत्र जुळवून मग पुन्हा चाचण्या घेण्यात आल्या.

आंतरराष्ट्रीय प्रमाणचाचणीत (जागतिक तांत्रिक नियम क्र. ८, २००८) गाडी ताशी ८० किमी. वेगाने नेऊन यंत्राद्वारे सुकाणू एका बाजूस व लगेच दुसऱ्या बाजूस फिरवितात. सुकाणू सरळ झाल्यावर एका सेकंदाने गाडीचा फिरण्याचा वेग त्याच्या कमाल मूल्याच्या ३५ टक्क्यांहून, आणि पावणेदोन सेकंदांनी २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. भारतात अशा चाचण्यांसाठी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यासारख्या संस्था आहेत; परंतु त्यांची मान्यता उत्पादकाने सादर केलेल्या नमुन्यास असते. गॅरेजात उंच केलेल्या एकट्या गाडीपाशी असा कोणताच पुरावा नसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. इंधन बदलण्याची मान्य साधने आणि दिव्यांग व्यक्तींसाठी अनुकूलित वाहने यांना त्यात विशेष सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात हाच अर्थ कायम केला आणि रंगबदलासारख्या किरकोळ गोष्टी तेवढ्या वेगळ्या ठेवल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. प्रमाणपत्रात स्प्रिंगांच्या उंचीचा रकाना नसतो, हे पाहून काहीजण निश्चिंत राहतात. ही निश्चिंती फसवी होय. कारण वाहनाच्या रचनेतील जो बदल त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलतो तो फेरबदल, अशी कलमातील व्याख्या आहे. शिवाय लोकांना धोकादायक ठरणाऱ्या वाहनाची नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ देते. ऑस्ट्रेलियात काही राज्ये मर्यादित उंचीवाढ विनापरवाना आणि त्यापुढील वाढ स्थैर्य नियंत्रणाच्या चाचणीचा दाखला घेऊन मान्य करतात. भारतात खासगी मालकासाठी अशी पायरीपायरीची व्यवस्था नाही.

कायद्याच्या चौकटीत मालकास करता येते ते एवढेच, की झिजलेले आघातशोषक, तुटलेले कमानपाटे वा बसलेल्या स्प्रिंगा उत्पादकाने सांगितलेल्या मापाच्याच घालाव्यात आणि एका आसावरील दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून सुकाणू कोनाच्या संवेदकाचा शून्यबिंदू पुन्हा ठरवून घ्यावा लागतो. एरवी गाडी सरळ चालली असताना ती वळत आहे असे नियंत्रकाला वाटते आणि तो नको तेथे ब्रेक लावतो.